गाडी घरी ठेवून कोकण-सह्याद्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डोंबिवलीकर. घरात चार माणसं, एक जुनी गाडी. गेली काही वर्षं सुट्टीला निघताना ती गाडी शक्यतो सोसायटीतच उभी ठेवतो. त्यामुळे नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, मुलांच्या शाळेतल्या पालकांचे प्रश्न येत राहतात. तीच तीच उत्तरं मोबाइलवर टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून सगळं इथे एकदाच लिहून ठेवलंय.

एका कुटुंबाच्या ट्रिपने निसर्गाचं असं काय बिघडतं?

हिशेबच मांडू. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (पेट्रोल स्वतः लीटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, मग धूर तिप्पट कसा, असं माझ्या भाच्याने विचारलं होतं. पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, वाढलेलं वजन त्याचं.) मुंबई ते मालवण साधारण ५०० किलोमीटर. लीटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ३३ लीटर पिते, म्हणजे एका बाजूचे ७५ किलो. चौघं बसली तर माणशी १९. एकटाच गेलात तर सगळे ७५ तुमच्या नावावर.

आता डिझेलची बस घ्या. लीटरला साडेचार किलोमीटर धरले तर ११० लीटर, आणि डिझेलचे लीटरला २.७ किलो म्हणजे सगळे मिळून ३०० किलो. आकडा मोठा दिसतो, पण बसमध्ये ४० माणसं असतील तर माणशी साडेसात. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे. भरलेल्या गाडीत माणशी हिस्सा यापेक्षाही कमी येतो.

म्हणून बांबूचा ब्रश आणि कापडी पिशवी घेऊन एकट्याने गाडी हाकत मालवणला जाणाऱ्याचं मला हसू येतं. ब्रश वाईट नाही, पण भार कुठे आहे ते आधी बघावं. कसे जाता आणि वर्षातून किती वेळा जाता, या दोन गोष्टींत बहुतेक सगळं आलं.

म्हणजे फिरणं कमीच करायचं का?

खेपा कमी, मुक्काम जास्त. तीन शनिवार-रविवार तीन ठिकाणी धावण्यापेक्षा एकाच गावात पाच दिवस राहा. रस्त्यावरचा वेळही वाचतो. आणि तिसऱ्या दिवसानंतरच गावातली माणसं आपल्याशी मोकळं बोलायला लागतात, असा आमचा अनुभव आहे.

कोकण रेल्वेचं आरक्षण मिळतच नाही. मग काय करायचं?

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडला तर त्या मुदतीत सहसा मिळतं. गणपतीचं मात्र सकाळी आठच्या ठोक्याला बसावं लागतं, तरी हाताला लागेलच असं नाही. त्या दिवसांत जादा गाड्या सुटतात, त्यांच्या घोषणेवर डोळा ठेवा.

थेट मुक्कामाच्या गावचं तिकीट नाही मिळालं तर अलीकडच्या स्टेशनचं बघा. सावंतवाडी नाही तर कुडाळ, कुडाळ नाही तर कणकवली. पुढे एसटी आहेच. आणि मध्यरात्री बारानंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना तारीख दोनदा बघा. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून मी शुक्रवारचंच काढलं होतं. गाडी सुटण्याआधी दोन तास लक्षात आलं की ती गुरुवारी रात्रीच, आम्ही झोपेत असताना, निघून गेली. बायको अजून वर्षातून एकदा तरी हा विषय काढते.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात आणि वेळा बदलतात. उन्हाळ्यातली वेळ डोक्यात धरून परतीची जोडगाडी ठरवू नका.

स्टेशनवर उतरलो. गाव अजून वीस किलोमीटर आत आहे. पुढे?

बहुतेकांची गाडी घरून निघते ती याच वीस किलोमीटरांसाठी. पाचशे किलोमीटर चालवायची, कारण शेवटच्या विसांची खात्री नाही.

खात्री करण्याचा एकच मार्ग: जिथे उतरणार त्या घरी फोन करून "गावात एसटी कधी येते?" असं विचारायचं. ॲपवर शोधत बसू नका, आतल्या गावच्या फेऱ्या तिथे नीट सापडतीलच असं नाही. घरची काकू मात्र घड्याळ न बघता सांगते, "सकाळी शाळेची, दुपारी एक आणि रात्री वस्तीची." वस्तीची म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. परतीच्या प्रवासाला ही पहाटेची गाडी सोन्यासारखी आहे. रस्ता मोकळा, खिडकीतून गार वारा, आणि तालुक्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत कँटीनमध्ये पहिला चहा उकळत असतो.

गाडी चुकलीच तर सहा आसनी रिक्षा किंवा वडाप, म्हणजे माणसं भरून निघणारी शेअर जीप. भाडं बसण्याआधी ठरवा. एका पावसाळ्यात आमच्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी पिशवीतून मान बाहेर काढून चिपळूणपासून आली होती. मुलांना त्या ट्रिपमधलं दुसरं काही आठवत नाही.

घरमालकालाच स्टेशनवर गाडी घेऊन बोलावणं हाही चांगला पर्याय आहे. पैसे गावात राहतात आणि गाडी वीसच किलोमीटर धावते.

आईबाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना एसटीचे हाल का?

त्यांना विचारलंत का? माझ्या आईला गाडीच्या मागच्या सीटपेक्षा एसटीची उंच खिडकी आवडते. शिवाय एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र मात्र जवळ हवं. गुडघ्यांचा किंवा लघवीचा त्रास असेल तर रेल्वेच बरी, डब्यात शौचालय असतं. आणि खरंच झेपत नसेल तर गाडी काढा. याचा अपराधीपणा कोणी वाटून घेऊ नये.

गाडी नेणं भागच आहे. मग काय करू शकतो?

सीट भरा. पाच जणांच्या गाडीत दोघं जाण्यापेक्षा मेव्हण्याला घ्या, भाडंही वाटलं जातं. निघण्याआधी टायरची हवा तपासा. टपावरचा कॅरिअर रिकामा असेल तर काढून ठेवा, वारा अडवून तो पेट्रोल खातो. हायवेवर १०० ऐवजी ८० ने चालवलं तर लीटरमागे पडणारा फरक तुम्हाला पंपावरच दिसेल.

किनाऱ्याने जाणार असाल तर फेरीबोट घ्या, जिला तिकडे जंगलजेटी म्हणतात. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा खाड्या गाडीसकट ओलांडता येतात. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर आत चिपळूणकडून केवढा तरी वळसा पडतो, आणि बोटीने थोडक्या मिनिटांत पलीकडे. अलिबागला जाणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे.

आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. आता प्रश्न मिटला ना?

अर्धा-पाऊण मिटला म्हणा. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. मालवणपर्यंत ७० युनिट लागले तर ५० किलो. पेट्रोलच्या ७५ पेक्षा कमीच, पण एकट्याने नेलीत तर बसच्या साडेसातच्या जवळपासही नाही. छतावर सोलर असेल आणि त्यावर चार्ज करत असाल तर गोष्ट वेगळी.

गोव्यात मोपाला आणि सिंधुदुर्गात चिपीला विमानं उतरतात. तासाभरात पोचतो, मग का नको?

मुंबई-गोव्यासारख्या छोट्या अंतराला विमान मला पटत नाही. उंच चढण्यातच भरपूर इंधन जातं आणि चढून होतंय तोवर उतरण्याची वेळ येते. विमानतळावर दोन तास आधी पोचणं आणि पुढची टॅक्सी धरलीत तर वाचलेला वेळही फार उरत नाही. रात्रीची रेल्वे झोपेत नेते.

घरगुती मुक्काम चांगला की रिसॉर्ट?

घरगुती. यात मी तटस्थ नाही.

कारण पाण्याचं सांगतो. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच कोकणातल्या वाड्यांवर टँकर येतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पडलेलं पाणी झिरपून, वाहून समुद्राला मिळतं. आपली शाळेची सुट्टी नेमकी तेव्हाच, जेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की शंभरएक लीटर सहज जातात, बादलीत वीस लीटरमध्ये अंघोळ होते. ज्या घरात तुम्ही रहाटाने पाणी काढताना बघता, तिथे आपोआप बादलीच घेता. रिसॉर्टच्या स्विमिंग पूलजवळ बसून विहीर आठवत नाही.

आम्ही एका मे महिन्यात दापोलीजवळच्या वाडीत उतरलो होतो. घरच्या आजींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भांडी घासलेलं पाणी माडाला, अंघोळीचं केळीला. मोरीत सोडायचं नाही." धाकट्याला केळीला पाणी घालायचं काम मिळालं आणि तो दिवसातून तीनदा अंघोळीला तयार झाला. तेवढं सोडलं तर आजींची पद्धत चोख.

हॉटेलवर "इको" अशी पाटी आहे. खरं कसं ओळखायचं?

फोनवर तीन गोष्टी विचारा. सांडपाणी कुठे जातं? कचरा कोण उचलतं? कामाला माणसं कुठली आहेत? पटकन उत्तर देणारा बहुधा खरा असतो. "सर, ते मॅनेजर सांगतील" असं आलं की समजून जा. गवताचं छप्पर आणि बांबूची खुर्ची यावर जाऊ नका, त्याच छपराखाली रात्रंदिवस एसी चालू असू शकतो.

कचरा परत आणायचा म्हणजे नक्की काय काय?

लहान ग्रामपंचायतीकडे बहुतेक वेळा कचऱ्याची गाडी नसते. तुम्ही डस्टबिनमध्ये "नीट" टाकलेलं वेफर्सचं पाकीट घरामागच्या खड्ड्यात जातं आणि संध्याकाळी जाळलं जातं. चकचकीत पाकीट भंगारवालाही घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात.

आमचा नियम असा: फळांची सालं, नारळाची करवंटी, उरलेलं अन्न गावात, घरच्यांना विचारून, गोठ्यात किंवा खतात. बाकी सगळं पिशवीत घालून डोंबिवलीला. डायपर आणि सॅनिटरी पॅडसुद्धा. हो, तेही. कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात. पहिल्यांदा बायकोने नाक मुरडलं होतं, आता डबा तीच आधी भरते.

एकदा उत्सुकता म्हणून चार दिवसांचा कचरा घरी आल्यावर जमिनीवर मांडला. वेफर्स-कुरकुऱ्यांची १९ पाकिटं, टेट्रापॅक ६, टॉफीचे कागद मोजता आले नाहीत, आणि चार जणांच्या चार दिवसांच्या जेवणाचा कचरा शून्य, कारण जेवण घरचं होतं, केळीच्या पानावर. तेव्हापासून निघताना चिवडा आणि लाडू डब्यात भरतो. कचरा उचलायला जेवढे कष्ट, त्यापेक्षा न आणायला कमी.

पाण्यासाठी प्रत्येकाची स्टीलची बाटली. घरगुती मुक्कामात उकळलेलं पाणी मागितलं की देतात. प्रवासाला पाच लीटरचा कॅन पुरतो.

काजवे बघायला जायचंय. काय काळजी घ्यायची?

भंडारदरा, पुरुषवाडी या भागात मेच्या शेवटापासून पाऊस बसेपर्यंत काजव्यांचा हंगाम. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते एका लयीत लुकलुकतात. हा नुसता देखावा नाही, लग्न जमवण्याची बोली आहे. नर उडत इशारा देतो, मादी पानावरून उत्तर देते. पंखवाल्या काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच. त्यात गाडीचे हेडलाइट झाडावर पडले की उत्तर दिसत नाही आणि त्या जोडीची रात्र वाया जाते.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शनिवार होता. रस्त्यावर गाड्यांची रांग, प्रत्येकीचे दिवे चालू, कोणाच्या तरी डिकीत स्पीकर. झाडं काळीच राहिली. पुढच्या वर्षी मंगळवारी गेलो, गावातल्या वाटाड्याबरोबर, दिवे न लावता. अर्धा तास अंधारात नुसते उभे होतो. मग एक झाड पेटलं, विझलं, त्याच्या शेजारचं पेटलं. कोणी बोललं नाही.

तेव्हा: आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गाडी गावातच सोडा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि जमिनीकडेच धरा. फ्लॅशने काजव्याचा फोटो येतही नाही. झाडाखाली गवतात फिरू नका, माद्या तिथेही बसलेल्या असतात. काजवा बाटलीत भरून आणणाऱ्या मुलाला रागावू नका, त्याच्या बापाशी बोला.

वेळासच्या कासवांचं काय?

मंडणगड तालुक्यातलं वेळास. इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे नेत. आता घरट्यातली अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पर्यटक गावातल्याच घरांत राहतात. अंडं जगलं तर चार पैसे घरात येतात, हे गणित गावाला पटलं म्हणून काम टिकलं.

पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून फ्लॅश नाही, हात लावणं नाही, दोरीच्या आत पाऊल नाही. आणि पिल्लं दिसतीलच ही हमी कोणी देत नाही. आम्ही दोनदा जाऊन एकदाच, तीही दोनच पाहिली. जायला मंडणगडपर्यंत एसटी, तिथून वेळासची गाडी.

कास पठारावर गर्दी असते म्हणे?

असते. म्हणूनच रोजच्या पर्यटकांची संख्या बांधून दिली आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सप्टेंबरमधला मधला वार धरा, साताऱ्याहून बसने जा, फुलात बसून फोटो काढू नका. मातीचा थर वीतभरही नाही, तुडवलेलं पुढच्या वर्षी उगवेलच असं नाही.

मालवणला मासे खाल्ले तर चालतात ना?

चालतात काय, खायलाच हवेत! फक्त १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळीचा विणीचा काळ. त्या दिवसांत "ताजी सुरमई" मागितलीत तर बर्फातली बाहेरून आलेली मिळेल. तेव्हा सुकट, सुका बांगडा, खाडीचे मासे, नाहीतर सरळ काळ्या वाटाण्याची आमटी. एरवी मेनूकार्ड बाजूला ठेवून "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा, तारली, मांदेली यांची पैदास लवकर होते, शिवाय स्वस्त. तळहाताएवढं पापलेट ताटात आलं तर तसं बोलून दाखवा. गिऱ्हाईक बोललं तरच मालक पुढच्या वेळी घेणार नाही.

स्नॉर्केलिंग, शंख-शिंपले?

मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. पाण्याखाली प्रवाळावर पाय टेकू नका, तो दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत असते. बोटवाला पाव टाकून मासे गोळा करत असेल तर नको म्हणा. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, दुकानात दिसले तरी घेऊ नका.

परदेशातून वर्षातून एकदा येतो. आमच्या विमानाचं काय?

आईवडिलांना भेटायला यायचंच, त्यावर कोण काय बोलणार. दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एक लांब करता आली तर करा. आणि इथे आल्यावर "तीन आठवड्यांत राजस्थान, केरळ, गोवा" अशी विमानांची माळ लावू नका. आजोळच्या गावी दहा दिवस राहा. मुलांचं मराठीही सुधारतं.

पहिल्यांदाच करून बघायचंय. सोपं काय?

मुंबई-ठाणेकरांना माथेरान. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारगाड्यांना बंदीच आहे, त्यामुळे मोह होण्याचाही प्रश्न नाही. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून गावापर्यंत छोट्या रेल्वेची शटल मिळते. नेरळपासूनची छोटी गाडी १९०७ ची, पण पावसाळ्यात ती बंद असते. चालायला तयार असाल तर दस्तुरीहून रुळांच्या कडेने तासाभरात बाजारात पोचता. लाल माती पायाला लागेल, पांढरे बूट घालू नका. आणि माकडांसमोर पिशवीतून डबा काढू नका. आमचा चिवड्याचा डबा असाच गेला, झाकणासकट.